वरकसाचा विसावा

सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या गावच्या घरी आले होते. त्यांना आमची डोंगराकडची जमीन चिरेखाणीसाठी हवी होती. ओटीवर बसून चहा घेता घेता ते म्हणाले, “जमीन पडीकच तर आहे. नुसती पडून राहून ती तुम्हाला काय देणार?” माझे थोरले भाऊ माझ्याकडे बघू लागले. मी दोन-चार गुळमुळीत वाक्यं बोललो. गृहस्थ भाव सांगून गेले. आमच्यासारख्या कुटुंबानं विचारात पडावं असा तो भाव होता.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. नंतर ते मी शोधत गेलो. थोडं जुन्या गॅझेटियरमध्ये सापडलं, थोडं सरकारी अहवालांत, थोडं गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. आणि सगळ्यात जास्त त्या जमिनीतच सापडलं. ते उत्तर आज तुम्हाला सांगावं म्हणतो.

आमच्या सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे एक शब्द आहे, वरकस. घाटावरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. आता कोकणातल्या तरुण मुलांनाही सांगावा लागतो. भातखाचरांच्या वर, डोंगराच्या उतारावर जी हलकी, उथळ, तांबडी जमीन असते ती वरकस. तिच्यावर नाचणी, वरी, हरीक, कुळीथ, तीळ, कारळा अशी पिकं घेत. भात हे खोताला द्यायचं आणि सणाला खायचं धान्य. गरिबाचं पोट वर्षभर भरत असे ते वरकसावर.

या शेतीचा एक ठरलेला क्रम होता. पहिल्या वर्षी नाचणी. उन्हाळ्यात झुडपं तोडून, वाळवून जाळायची आणि पाऊस लागला की बैल चढेल तिथे नांगरानं, न चढेल तिथे कुदळीनं जमीन मोकळी करून नाचणीची रोपं लावायची. दुसऱ्या वर्षी वरी. तिसऱ्या वर्षी हरीक, नाहीतर तीळ आणि कुळीथ. हरीक नवा खाल्ला तर चढतो, म्हणून तो जुना करून खात. दर वर्षी जमिनीचा कस उतरत जाई आणि त्या बेतानं पीकही हलकं होत जाई. मग शेतकरी त्या तुकड्यातून बाहेर पडे. पुढची तीन-चार वर्षं, कुठे सात-आठ वर्षंसुद्धा, तिथे कुदळ लागत नसे. याला पड टाकणं म्हणत. माझे आजोबा एखाद्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणत, “याचे अजून चार पावसाळे झाले नाहीत.” त्यांच्या डोक्यात प्रत्येक तुकड्याचं वय पक्कं असे. आम्हा नातवंडांची वयं मात्र दादीला विचारावी लागत.

ही पड काय करते ते आज आपल्याला शास्त्राच्या भाषेत सांगता येतं. आमच्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. खाली जांभा कातळ आणि वर कुठे वीतभर, कुठे हातभर माती. उतारावर दर वर्षी नांगर घातला तर ती माती खालच्या पऱ्यात जायला वेळ लागत नाही. जमीन मोकळी सोडली की पहिल्या वर्षी गवत येतं आणि त्याची मुळं माती धरून ठेवतात. पुढच्या दोन वर्षांत करवंद, तोरण, कुडा, दिंडा अशी झुडपं उठतात. त्यांतल्या कितीतरी बिया पाखरांनीच आणून टाकलेल्या असतात. पाला पडतो आणि कुजतो, मुंग्या आणि वाळवी तो खाली नेतात, त्यांच्या बिळांतून पाणी मुरायला वाटा होतात. चार-पाच वर्षांनी तीच जमीन पुन्हा नाचणी द्यायला तयार होते. बाहेरून खत आणावं लागत नाही.

या पडीत राहणारे आणखीही होते. लावे, तित्तिर, रानकोंबड्या, ससे. वारुळांच्या वासानं रात्री येणारं खवले मांजर. जांभ्या दगडांच्या गडग्यात घोरपड आणि मुंगूस. वरकसात ऐन, किंजळ, बेहडा अशी मोठी झाडं मुद्दाम राखलेली असत, कारण त्यांच्या फांद्यांचा पाला भाताच्या रोपांसाठी लागे. फांद्या तोडायच्या आणि खोड ठेवायचं. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची जोडी घर करी. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फळं आणून भरवतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या वरकसात पाहिलं आहे. त्या फळांच्या बिया ढोलीखाली पडून पुन्हा रान उगवे.

हे सगळं कुणी वन्य जीव वाचवावेत म्हणून करत नव्हतं, हेही सांगायला हवं. त्या काळी आजोबा सशाला फासे लावत आणि कोवळ्या झाडावर कोयता चालवताना फार विचार करत नसत. पण ते वरकस एकाच वेळी सगळं घेत नसत. एक तुकडा पिकाखाली असे तेव्हा तीन-चार तुकडे विसाव्याला असत. प्राणी-पाखरांना एवढी जागा पुरत होती.

पण म्हणून ते रामराज्य होतं असं कुणी समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक गावांवर खोती होती. आमचं घराणं कुळांचं. खोत आमच्याच मोहल्ल्यातला, आमच्याच मशिदीत नमाज पढणारा. पण खळ्यावर त्याचा माणूस माप घेऊन बसला की ही ओळख कामाला येत नसे. भाताचा अर्धा आणि वरकसाच्या पिकाचा तिसरा हिस्सा, ही पुष्कळ गावांतली रीत होती. वर वेठ वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावं लागलं. पुढे कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा दिवस धरून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. आमचं वरकस आमच्या नावावर झालं ते त्यानंतर. म्हणून जमीन विकायची की नाही हा प्रश्न आमच्या घरात नुसत्या पैशाचा राहत नाही.

इंग्रज सरकारला वरकसातली तोड आणि जाळ दिसला, विसावा मात्र दिसला नाही. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८७८ मध्ये जंगलाचा कडक कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राखीव जंगलाच्या हद्दी गावांच्या अगदी दारापर्यंत आल्या. गुरं चारायला आणि पाला आणायला बंदी, नाहीतर दंड. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याच्या या जाचाबद्दल लिहिलं आहे. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावं लागलं.

वादाचा एक मोठा मुद्दा होता राब. ज्या जागेत भाताची रोपं करायची तिथे शेण, पाला, फांद्या आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्याच्या शेवटी ते भाजतात, त्याला राब भाजणं म्हणतात. साहेबांच्या मते ही निव्वळ नासाडी होती. चांगला पाला जाळून राख करायची, हे कुठलं शहाणपण? सरकारी शेतीखात्यानं लोणावळ्याला त्याचे प्रयोग केले. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना हिंदुस्थानची शेती तपासायला विलायतेहून पाठवलं होतं. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी राबाची बाजू उचलून धरली. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ मध्ये यावर एक स्वतंत्र अभ्यास छापला. राखेचा उपयोग असतोच, पण माती तापते याचाही रोपांना फायदा होतो, हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं. अडाणी म्हणून ज्याला दंड केला तो शेतकरी निदान अडाणी नव्हता, एवढं कागदावर यायला तीसेक वर्षं गेली.

रत्नागिरीची गोष्ट जरा वेगळी. तिथे राखीव जंगल पहिल्यापासून फारच थोडं आणि झाडझाडोरा बहुतेक खाजगी मालकीचा. त्यामुळे राखणं आणि तोडणं दोन्ही आमच्याच हातात राहिलं. आम्ही तोडलंही पुष्कळ. मुंबईच्या चुली आणि कोळशाच्या शेगड्या पेटत्या ठेवण्यात कोकणच्या डोंगरांचा मोठा वाटा आहे. माणसं वाढली, तुकडे लहान झाले, तशी पडीची वर्षंही कमी होत गेली. सातची पाच झाली, पाचची दोन झाली. आजोबांच्या उमेदीतच नाचणीचं कणीस लहान होऊ लागलं होतं.

मग उलटाच प्रकार झाला. माणसंच निघून गेली. कोकणी माणूस मुंबईच्या गिरणीत जातच होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं ती वाट बुजवली. आमच्या मोहल्ल्यातली माणसं मात्र त्याआधीपासूनच आखाताकडे निघाली होती. माझे वडील मस्कतला गेले. त्यांच्या पैशांवर घराचं छप्पर बदललं, आमची शिक्षणं झाली, मी बी.ए. झालो. ज्या हातांनी कुदळ मारायची ते हात सिमेंट कालवायला गेले. बैल विकले गेले. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि नाचणीची भाकरी ही गरिबीची खूण झाली. पाहुणा आला की ती झाकून ठेवत.

१९९० मध्ये राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेला जोडून फळबागांची योजना आणली. डोंगरच्या डोंगर साफ झाले आणि हापूस-काजूची कलमं लागली. मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्या पाच एकर वरकसापैकी निम्म्यात तेव्हा काजू लावला आणि माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण त्याच्यावर झालं. पण बाग करताना ऐन गेले, किंजळ गेले, आणि धनेश जिथे घर करत तो बेहडाही गेला. तो तोडला त्या दिवशी मी तिथे हजर होतो आणि काही बोललो नाही. पुढे बागेखाली गवत नको म्हणून तणनाशकं आली. मोकळी जमीन आणि वाळलेलं गवत यामुळे दर फाल्गुनात वणवे येऊ लागले. उरलेलं निम्मं वरकस नुसतं पडून राहिलं. ही आजोबांची पड नव्हती. वणव्यानं दर वर्षी जळणाऱ्या जमिनीला विसावा मिळत नाही. तेव्हा चिरेखाणीवाले गृहस्थ अगदीच खोटं बोलत नव्हते.

तिकडे जगात निराळंच चालू होतं. अमेरिकेत रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात ‘रीजनरेटिव्ह’ शेतीचा विचार मांडला. जमिनीकडून घेताना तिचा कस वाढलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, त्यावर गावोगाव कडाक्याचे वाद झाले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेनं खवले मांजराच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि जी भाकरी आम्ही झाकून ठेवत होतो ती शहरातल्या हॉटेलात मानानं वाढली जाऊ लागली.

गृहस्थ भाव सांगून गेले त्या रात्री आम्ही भाऊ बसलो. खाण झाली तर गाळ खाली वाहून शेजाऱ्यांच्या भातखाचरांत जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. तरी भावाच्या अडचणी खऱ्या होत्या. त्याच्या मुलांची घरं व्हायची होती. शेवटी त्यानं अट घातली. पाच वर्षं करून बघ, पण घरातला पैसा बुडवायचा नाही.

काजूची बाग तशीच ठेवून उरलेल्या अडीच एकरांचे आम्ही पाच तुकडे पाडले. दर वर्षी एका तुकड्यात नाचणी, आदल्या वर्षीच्या नाचणीत तीळ-कुळीथ, आणि बाकी तीन विसाव्याला. म्हणजे प्रत्येक तुकड्याला दोन वर्षं काम आणि तीन वर्षं रजा. झुडपं सरसकट जाळायची नाहीत. ती तोडून उतारावर आडवी घालायची, म्हणजे माती अडते. ऐन-किंजळांच्या जुन्या बुंध्यांना फुटवे येत होते, ते राखायचे. काजूखाली तणनाशक बंद. गवत कापायचं ते पाखरांची अंडी-पिल्लं उरकल्यावर. पौषातच भोवती जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा आत येत नाही.

चुकाही झाल्या. नवा उत्साह म्हणून मी पहिल्या वर्षी राबसुद्धा भाजू दिला नाही. नुसतं शेणखत घातलं. वाफ्यात रोपांपेक्षा तण जास्त आलं. शेजारचे म्हातारे काका येऊन बघून गेले आणि मिशीत हसले. दुसऱ्या वर्षी बागेतल्या पाचोळ्याचा हलका राब भाजला, तेव्हा रोपं उठली. डॉ. मान यांचा अभ्यास मी त्यानंतर वाचला. आधी वाचला असता तर एक वर्ष वाचलं असतं.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी झाली. नाचणी भरात आली आणि रानडुकरं आली. दोन रात्रींत निम्मं पीक गेलं. दादी होती तोवर पिकातला दहावा हिस्सा, उश्र म्हणून, गरिबांसाठी पायलीनं मोजून बाजूला काढत असे. खोत तिसरा हिस्सा नेत असे. डुकरांनी दोघांनाही मागे टाकलं. भाऊ भडकला. कुणी तारेत वीज सोडायला सुचवलं, कुणी आणखी वाईट काही. मी नाही म्हटलं, तेव्हा भाऊ म्हणाला, “तुझ्या कवितेला डुकरं चालतात. माझ्या ताटाला चालत नाहीत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

तोड निघाली ती जुन्याच पद्धतीनं. शेजारच्या दोन घरांना आम्ही त्यांच्याही वरकसात नाचणी करायला राजी केलं. तिघांची शेतं लागून आली, तेव्हा माच बांधून आळीपाळीनं राखण करता आली. एकट्या घराला रोजची जागल जमत नाही, तीन घरांना जमते. कडेनं कारळा आणि तीळ पेरला, कारण डुकरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. नुकसान अजूनही होतं. वानरांवर तर काही इलाज चालत नाही. पण निम्म्यावरून ते आता खोताच्या हिश्शाच्याही खाली आलं आहे. एवढं द्यायची आमची तयारी आहे.

हिशेबही सांगतो. नाचणी घरापुरती होते आणि थोडी विकली जाते, तीळ-कुळथाचे पैसे होतात, काजूचं उत्पन्न चालू आहे. घरातला पैसा बुडालेला नाही. पण खाणीच्या भावाशी हे कधीही बरोबरी करणार नाही, आणि तसं मी भावाला स्पष्ट सांगितलं आहे. खाणवाला आपल्याला एकदाच पैसे देतो, नंतर तिथे पाण्यानं भरलेला चौकोनी खड्डा उरतो. वरकस थोडंथोडं देतं आणि मधून मधून रजा मागतं.

यंदा पहिल्या तुकड्याची तीन वर्षांची रजा संपून तो पुन्हा नाचणीखाली आला. कुदळ मारली तेव्हा माती पूर्वीसारखी खणखणली नाही, वरचा थर काळसर आणि भुसभुशीत होता. नाचणीची कणसं पहिल्या वर्षापेक्षा भरीव आली. विसाव्याच्या तुकड्यात रानकोंबडी पिल्लं घेऊन फिरताना दिसली. एका वारुळाला ताजं भगदाड पडलं होतं आणि शेजारी नखांच्या खुणा होत्या. धनेश मात्र अजून आलेले नाहीत. त्यांना लागेल तेवढा म्हातारा बेहडा आमच्याकडे उरला नाही. त्याच्या जागी मी एक रोप लावलं आहे. त्याला ढोली पडेल तेव्हा मी नसेन, कदाचित ही जमीनही आमच्याकडे नसेल.

कारण भावाची पाच वर्षांची मुदत संपली आहे. गेल्या महिन्यात त्या गृहस्थांचा फोन पुन्हा आला. भाव वाढलेला होता. भावानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यावर तो माझ्याशी काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. रात्री जेवताना, नाचणीची भाकरी मोडता मोडता, तो एवढंच म्हणाला, “यंदा दुसऱ्या तुकड्याची पाळी ना? उद्या बाजारात गेलास की कोयते पाजवून आण.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)